पेटीतला एप्रन, कपाटातलं पदक : लॉजच्या मास्टरची कारकीर्द कशी शोधावी

‘आमचे पणजोबा फ्रीमेसन लॉजचे प्रमुख होते’, हे वाक्य घरात टिकतं. कुठल्या लॉजचे, कोणत्या साली, किती काळ, हे मात्र दोन पिढ्यांत पुसलं जातं. मागे उरतो तो पत्र्याच्या पेटीतला कातडी एप्रन, निळ्या फितीला लटकलेलं चांदीचं पदक आणि एखादा पुठ्ठ्यावर चिकटवलेला ग्रुप फोटो. फ्रीमेसनरी म्हणजे दीक्षा घेऊन सभासद व्हायची एक जुनी बंधुसंघटना, लॉज म्हणजे तिची स्थानिक शाखा, आणि एप्रन म्हणजे मेसन सभेत कमरेला बांधतात ते वस्त्र. मुंबई, पुणे, कराची, महू अशा ठिकाणी इंग्रजी अमदानीत भरपूर लॉज होते. त्यांत पारशी, मुसलमान, हिंदू आणि युरोपीय सभासद होते, त्यामुळे अशा वस्तू आजही घराघरांतून निघतात आणि न वाचताच मोडीत जातात. त्या वाचायची एक ठरावीक रीत आहे. तिचा क्रम पाळला तर नुसत्या कापडावरून आणि धातूवरून माणसाची वीस-तीस वर्षं वर्षवार लावता येतात.

आधी पद नीट समजून घ्या

सगळ्यात जास्त घोटाळा ‘मास्टर’ या एका शब्दाने होतो. मेसन व्हायच्या तीन पायऱ्या आहेत : एन्टर्ड ॲप्रेंटिस, फेलो क्राफ्ट आणि मास्टर मेसन. दीक्षा घेतलेला बहुतेक प्रत्येक जण वर्ष-दीड वर्षात ‘मास्टर मेसन’ होतो. ती पदवी आहे, अधिकारपद नव्हे. घरी फ्रेम करून लावलेलं भलंमोठं सर्टिफिकेट बहुधा याच तिसऱ्या पायरीचं असतं. त्यावर ‘मास्टर’ वाचून पणजोबा लॉजप्रमुख होते असं ठरवून टाकू नका. लॉजचा प्रमुख म्हणजे ‘वर्शिपफुल मास्टर’. त्याची निवड सभासद मतपेटीने करतात, त्याला समारंभाने खुर्चीवर बसवतात आणि त्या समारंभाला ‘इन्स्टॉलेशन’ म्हणतात.

ही खुर्ची एका वर्षाची असते. म्हणून ‘आजोबा तीस वर्षं लॉजचे प्रमुख होते’ हे जवळजवळ कधीच खरं नसतं. ते एक वर्ष मास्टर होते आणि पुढची एकोणतीस वर्षं ‘पास्ट मास्टर’. यात कमीपणा काही नाही. लॉज चालतो तो अशा पास्ट मास्टरांच्या जोरावरच, आणि कारकिर्दीचा मोठा भाग खुर्ची सोडल्यानंतरच घडतो.

खुर्चीपर्यंतची शिडी साधारण अशी : स्टुअर्ड, इनर गार्ड, ज्युनियर डीकन, सीनियर डीकन, ज्युनियर वॉर्डन, सीनियर वॉर्डन, मग मास्टर. वर्षाला एक पायरी धरली तर सहा-सात वर्षं लागतात. इंग्लिश नियमानुसार मास्टर होण्यापूर्वी वॉर्डन म्हणून एक पूर्ण वर्ष काढावं लागतं. हा हिशेब शोधात फार उपयोगी पडतो. मास्टरपदाचं वर्ष १८९८ सापडलं, तर १८९७ मध्ये सीनियर वॉर्डन, १८९६ मध्ये ज्युनियर वॉर्डन असा उलटा अंदाज बांधून नेमक्या वर्षांची कागदपत्रं मागता येतात. दीक्षेची तारीख मग १८९० च्या आसपास किंवा त्याआधी शोधायची.

सेक्रेटरी आणि ट्रेझरर ही पदं मात्र या शिडीवर नाहीत. लिहिणारा माणूस हवा असला की अगदी नव्या सभासदालाही सेक्रेटरी करत. मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगचं तसंच झालं. लाहोरच्या ‘होप अँड पर्सिव्हिअरन्स’ क्रमांक ७८२ या लॉजमध्ये त्याला ५ एप्रिल १८८६ रोजी, वयाची एकवीस वर्षं पुरी होण्याआधीच, खास परवानगीने दीक्षा मिळाली आणि लगेच सेक्रेटरीपद गळ्यात पडलं. मास्टर तो कधीच झाला नाही. तेव्हा ‘सेक्रेटरी’ सापडलं म्हणून पुढे ‘मास्टर’ असणारच, असं गृहीत धरू नका.

पहिला प्रश्न : कोणत्या ग्रँड लॉजच्या हाताखाली?

ग्रँड लॉज म्हणजे अनेक लॉजांच्या वरची मुख्य संस्था. कुठलीही वस्तू हातात आली की आधी ती कोणती हे ठरवा, कारण पुढचं सगळं वाचन त्यावर उभं आहे. हिंदुस्थानात इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंड अशा तिन्ही ग्रँड लॉजांचे लॉज शेजारी शेजारी चालत. लॉजच्या क्रमांकापुढे ई.सी. असेल तर इंग्लिश, एस.सी. असेल तर स्कॉटिश, आय.सी. असेल तर आयरिश. २४ नोव्हेंबर १९६१ रोजी दिल्लीत ग्रँड लॉज ऑफ इंडियाची स्थापना झाली. रामपूरचे नवाब रझा अली खान तिचे पहिले ग्रँड मास्टर. काही लॉज तिच्यात सामील झाले, काही आपल्या जुन्या ग्रँड लॉजकडेच राहिले.

मुंबईकडच्या माणसाचा शोध घेताना स्कॉटिश शक्यता आधी तपासा. डॉ. जेम्स बर्न्स १८३६ मध्ये पश्चिम हिंदुस्थानचे स्कॉटिश प्रांतिक ग्रँड मास्टर झाले आणि त्यांच्या वजनाने इथे स्कॉटिश मेसनरी जोरात वाढली. माणेकजी कर्सेटजी या पारशी गृहस्थांना मुंबईच्या लॉजमध्ये प्रवेश मिळेना, तेव्हा त्यांनी पॅरिसला जाऊन दीक्षा घेतली. त्यानंतर १८४३ च्या डिसेंबरात हिंदी लोकांसाठी मुंबईत ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हा लॉज निघाला, तोही स्कॉटिश. अवेस्तेचे अभ्यासक खरशेदजी रुस्तमजी कामा यांनी १८५४ मध्ये याच लॉजमध्ये दीक्षा घेतली. म्हणजे मुंबईचा पारशी मेसन फक्त लंडनच्या नोंदवह्यांत शोधून ‘सापडला नाही’ म्हणणं हा अर्धाच शोध झाला.

कागद नसला तरी एप्रनवरून फरक कळतो. इंग्लिश लॉजच्या एप्रनची कड नेहमी आकाशी निळी आणि वरची झडप त्रिकोणी. स्कॉटलंडमध्ये प्रत्येक लॉजला स्वतःचा रंग निवडता येतो, त्यामुळे हिरवा, लाल, जांभळा, टार्टनच्या चौकड्यांचासुद्धा एप्रन निघतो, आणि झडप गोलाकार असते. हिरवी कड दिसली म्हणून ही कुठली वेगळीच संघटना असेल असं समजून एप्रन बाजूला टाकू नका.

खरोखर वेगळ्या संघटनाही आहेत, त्यांची ओळख असावी. ऑडफेलोज, फॉरेस्टर्स, बफेलोज यांचीही फितीची पदकं असत आणि मुंबईच्या चोर बाजारात ती मेसॉनिक म्हणूनच विकली जातात. बफेलोजच्या पदकावर बहुधा शिंगांचं डोकं असतं. दुसरी गोष्ट को-मेसनरीची. ‘ल द्रॉइ ह्युमेन’ ही स्त्री-पुरुष दोघांना घेणारी संघटना १८९३ मध्ये पॅरिसमध्ये स्थापन झाली, आणि ॲनी बेझंटबाईंमुळे ती थिऑसॉफिस्ट मंडळींत पसरली. घरात थिऑसॉफीचे संस्कार असतील, किंवा एप्रन पणजीचा असेल, तर नोंदी तिथे शोधायच्या. इंग्लिश-स्कॉटिश वह्यांत ती नावं मिळणारच नाहीत.

लॉजचा क्रमांक बदलतो, हे विसरू नका

लॉज ओळखायचा तो नाव आणि क्रमांक दोन्ही मिळून. नावं पुन्हा पुन्हा येतात. ‘सेंट जॉन’, ‘कॉन्कॉर्ड’ असली नावं जगभर सापडतात. क्रमांक त्याहून फसवा. बंद पडलेल्या लॉजांच्या रिकाम्या जागा भरून काढण्यासाठी इंग्लंडने अनेकदा फेरक्रमांकन केलं. त्यातलं १८३२ चं आणि शेवटचं १८६३ चं आपल्या कामाचं आहे. १८६३ पूर्वीच्या पदकावरचा क्रमांक नंतरच्या यादीत शोधला तर भलताच, कदाचित यॉर्कशायरमधला, लॉज हाती लागेल आणि तो बरोबर वाटेल. यासाठी जॉन लेन यांनी तयार केलेली इंग्लिश लॉजांची मोठी सूची ऑनलाइन उपलब्ध आहे. तिच्यात प्रत्येक लॉजचे वेगवेगळ्या काळातले क्रमांक, भरण्याच्या जागा आणि स्थापनेचं वर्ष दिलेलं असतं. स्कॉटिश लॉजांचेही क्रमांक बदलले आहेत. १९६१ नंतर भारतीय ग्रँड लॉजमध्ये गेलेल्या लॉजला आणखी नवा क्रमांक मिळाला. एकाच लॉजचे तीन क्रमांक सापडले तर गोंधळून जाऊ नका, प्रत्येकासमोर वर्ष लिहा.

एप्रनवरून दर्जा

इंग्लिश एप्रन पांढऱ्या कोकराच्या कातड्याचा, साधारण चौदा ते सोळा इंच रुंद. नुसता पांढरा असेल तर पहिली पायरी. खाली दोन निळी फुलं असतील तर दुसरी. तीन फुलं, निळी कड आणि दोन्ही बाजूंना सात-सात साखळ्यांचे चंदेरी गोंडे असतील तर मास्टर मेसन. आणि फुलांच्या जागी उलट्या टी अक्षरासारख्या तीन पट्ट्या असतील, आडवी अडीच इंच आणि उभी एक इंच, तर तो माणूस लॉजचा मास्टर किंवा पास्ट मास्टर होता. घरी बसून, कुणाला न विचारता, खुर्ची सिद्ध करणारा हा सगळ्यात भक्कम पुरावा आहे.

कड गडद निळी आणि सोनेरी कलाबतूची असेल तर तो डिस्ट्रिक्टचा (म्हणजे लॉजांच्या प्रादेशिक विभागाचा) किंवा ग्रँड लॉजचा अधिकारी. मधल्या गोल चिन्हाभोवती डिस्ट्रिक्टचं नाव भरलेलं असतं, ते भिंगाने वाचा.

एक सावधगिरी. एप्रन वारशाने किंवा मित्राकडून आलेला असू शकतो. झडपेच्या आतल्या बाजूला, अस्तराच्या खिशात किंवा पट्ट्यावर शाईने नाव लिहायची पद्धत होती. ते सापडेपर्यंत ‘एप्रन पणजोबांचा’ हे अंदाजाच्या रकान्यातच ठेवा.

एप्रन धुऊ नका, इस्त्री करू नका. कातडं आक्रसतं आणि कलाबतू काळी पडते. जुनी घडी तशीच ठेवली की तिथेच कातडं तडकतं, म्हणून आम्लमुक्त कागदाची सुरळी घडीत घालून सपाट ठेवा. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या दमट हवेत डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या पावसाळ्यात महिन्याला बदला.

फोटो वाचताना

जुन्या फोटोंत रंग दगा देतात. त्या काळच्या फोटोच्या काचांना (निगेटिव्हना) निळा रंग उजळ दिसे आणि लाल जवळपास काळा. त्यामुळे आकाशी निळी फीत फोटोत पांढरट येते, आणि काळी दिसणारी फीत प्रत्यक्षात किरमिजी असू शकते. ‘काळी फीत, म्हणजे शोकसभा असेल’, असे निष्कर्ष इथेच चुकतात.

ग्रुप फोटोत खुर्चीवरचा मास्टर मध्यभागी असतो. त्याच्या गळपट्ट्याला काटकोन (गवंड्याचा गुण्या) लटकलेला दिसेल. सीनियर वॉर्डनला गवंड्याची पाणसळ, ज्युनियर वॉर्डनला ओळंबा. ट्रेझररला किल्ली, सेक्रेटरीला एकमेकांवर ठेवलेल्या दोन लेखण्या, इंग्लिश लॉजच्या डीकनांना कबुतर, इनर गार्डला दोन तलवारी, दाराबाहेरच्या टायलरला एक. काटकोनाखाली छोट्या पाटीवर भूमितीची आकृती लटकत असेल, पायथागोरसच्या सिद्धांताची, तर तो इंग्लिश पास्ट मास्टर. त्याच्या गळपट्ट्याच्या मधोमध चंदेरी वेणीही धावते. मास्टर आणि वॉर्डन यांच्या मनगटांवर भरतकामाच्या रुंद पट्ट्या असत आणि त्यांवर लॉजचा क्रमांक भरलेला असे. फोटो १२०० डीपीआयवर स्कॅन केला तर तो क्रमांक पुष्कळदा वाचता येतो. पुठ्ठ्याची मागची बाजूही स्कॅन करा. तिथे पेन्सिलीने नावं असतात.

पदकं : कुठलं पदाचं, कुठलं देणगीचं

छातीवर पाच पदकं दिसली की घरचे भारावून जातात. पण मेसॉनिक पदकांचे प्रकार निरनिराळे आहेत आणि मास्टरपद सिद्ध करणारं त्यांत बहुधा एकच असतं.

पास्ट मास्टरचं पदक लॉज भेट देतो. ते उलटं करा. मागे ‘अमुक बंधूंना, मास्टर म्हणून केलेल्या कामाबद्दल, १८९८-९९’ अशा आशयाचा कोरीव मजकूर असतो. झिजलेला असेल तर खोलीत अंधार करून टॉर्च अगदी आडवा, पंधरा-वीस अंशांवर धरा आणि चारी दिशांनी एकेक फोटो काढा. एका फोटोत न दिसलेलं अक्षर दुसऱ्यात उठून दिसतं. पॉलिशचं द्रावण लावू नका. ते प्रत्येक वेळी चांदीचा थर खाऊन टाकतं आणि कोरीव अक्षरं त्यातच जातात. मऊ ब्रशने धूळ झटकली की पुरे.

चांदीवरचे ब्रिटिश ठसे पाहा : चालता सिंह म्हणजे स्टर्लिंग चांदी, जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, बिबट्याचं तोंड म्हणजे लंडन, आणि शेजारचं एकटं अक्षर वर्ष सांगतं. मात्र ते वर्ष ठसा मारल्याचं आहे, मास्टर झाल्याचं नव्हे. तयार पदकं दुकानात पडून असत. आणि मुंबईच्या सोनारांनी घडवलेल्या पदकावर हे ठसे नसतात, म्हणून ते खोटं ठरत नाही.

सगळ्यात जास्त चुकीचं वाचलं जाणारं पदक म्हणजे १९१४-१९१८ असा काळ कोरलेलं, क्रुसासारखं ‘हॉल स्टोन ज्युएल’. ते पाहून ‘पणजोबा पहिल्या महायुद्धात लढले’ असं घराघरांत सांगितलं जातं. ते युद्धाचं पदक नाहीच. महायुद्धात मेलेल्या मेसनांच्या स्मरणार्थ लंडनला नवा फ्रीमेसन्स हॉल बांधण्यासाठी निधी जमवला, त्याला किमान दहा गिनी देणाऱ्याला चांदीचं आणि शंभर गिनी देणाऱ्याला सोन्याचं पदक मिळे. इमारत १९२७ ते १९३३ मध्ये झाली. पदकामागे देणगीदाराचं नाव आणि लॉजचा क्रमांक असतो, त्यामुळे शोधासाठी ते सोन्याहून मोलाचं. हेच पदक निळ्या गळपट्टीला लावलेलं असेल तर गोष्ट वेगळी : सभासदांमागे सरासरी दहा गिनी देणाऱ्या लॉजला ते मिळे आणि त्या लॉजचा त्या वर्षीचा मास्टर ते गळ्यात घाली.

मुलींच्या शाळेचा, मुलांच्या शाळेचा किंवा वृद्धाश्रमाचा उल्लेख असलेली, साल घातलेली पदकं ही त्या वर्षी निधी गोळा करणाऱ्या ‘स्टुअर्ड’ची. लॉजच्या जेवणाची व्यवस्था पाहणारा स्टुअर्ड वेगळा. शतकमहोत्सवाचं पदक त्या लॉजच्या साध्या सभासदालाही घालता येतं. तिहेरी टी असलेलं पदक रॉयल आर्चचं, म्हणजे लॉजला जोडून असलेल्या ‘चॅप्टर’चं. त्याची फीत पांढरी असेल तर साधा सभासद, किरमिजी असेल तर चॅप्टरच्या तीन प्रमुखांपैकी कोणी, तिरंगी असेल तर त्याहून वरचा अधिकारी. ही कारकीर्द समांतर चालते. तिचं टिपण वेगळ्या कागदावर ठेवा, लॉजच्या शिडीत मिसळू नका.

अक्षरांचं कोडं

डब्ल्यू.एम. म्हणजे चालू मास्टर, आय.पी.एम. म्हणजे नुकताच उतरलेला, पी.एम. म्हणजे त्याआधी कधीतरी झालेला. इथवर सोपं आहे. पण आर.डब्ल्यू. ही अक्षरं ग्रँड लॉजप्रमाणे अर्थ बदलतात. स्कॉटलंडमध्ये साध्या लॉजच्या मास्टरलाच ‘राइट वर्शिपफुल मास्टर’ म्हणतात, तर इंग्लंडमध्ये ‘राइट वर्शिपफुल’ हा मान डिस्ट्रिक्ट ग्रँड मास्टरसारख्या बड्यांचा. स्कॉटिश आर.डब्ल्यू.एम. वाचून पणजोबांना अख्ख्या मुंबई इलाख्याचे प्रमुख करून टाकणं ही नेहमीची चूक. स्कॉटिश लॉजमध्ये ‘डेप्युट मास्टर’ आणि ‘सब्स्टिट्यूट मास्टर’ अशीही पदं आहेत. त्यांचा अर्थ तात्पुरता बसवलेला माणूस असा नाही. ती नेमलेली पदं आहेत, पण ती मास्टरपदही नव्हेत.

डिस्ट्रिक्टच्या पदाआधी ‘पास्ट’चं पी आलं तर थांबा. इंग्लिश रिवाजात जुन्याजाणत्या पास्ट मास्टरांना असा हुद्दा मानाने बहाल करतात. ते पद त्यांनी एक दिवसही चालवलेलं नसेल. हुद्दा खरा, काम वेगळं.

एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यातल्या कागदावर ‘पास्ड द चेअर’ असेल तर आणखी सावध. त्या काळी रॉयल आर्चमध्ये जाण्यासाठी पास्ट मास्टर असणं लागे, म्हणून खुर्चीवर नावापुरतं बसवून उठवण्याचा छोटा विधी होता. त्याने लॉज चालवला असं त्यातून सिद्ध होत नाही.

तारखा

मेसॉनिक कागदावर ५८९८ असं साल दिसलं तर घाबरू नका. ‘ॲनो ल्यूसिस’ म्हणजे इसवी सनात ४००० मिळवलेलं साल, म्हणून ते १८९८. रॉयल आर्चच्या सर्टिफिकेटवर ५३० मिळवतात, तिथे तेच वर्ष २४२८ दिसेल. आकडा पाहून कोणता हिशेब लावायचा ते कळतं.

मास्टरचं वर्ष इन्स्टॉलेशनपासून पुढच्या इन्स्टॉलेशनपर्यंत. पुष्कळ लॉज २४ जून किंवा २७ डिसेंबर या सेंट जॉनच्या दिवसांच्या आसपास हा समारंभ करत. डिसेंबर १८९८ मध्ये बसलेला मास्टर एका यादीत ‘१८९८’, दुसरीत ‘१८९९’ असा येतो. दोन वर्षं मास्टर होता असा अर्थ काढण्याआधी इन्स्टॉलेशनची तारीख मिळवा.

नाव कसं शोधावं

हिंदी नावांची वही लिहिणारा कारकून बहुतेक इंग्रज. तो ऐकेल तसं लिही. खरशेदजी हे नाव ‘के’खाली, ‘सी’खाली आणि ‘कर्सेटजी’ अशा रूपातही सापडतं, आणि शेवटच्या ‘जी’ला कधी एक आय, कधी दोन ई. ‘राव’ हा ‘रो’ होतो, ‘कर’चा ‘कुर’ होतो. आडनाव न देता स्वतःचं आणि वडिलांचं नाव दिलेलं असेल तर वडिलांच्या नावाखाली शोधा, कारण सूचीकाराने शेवटचा शब्द आडनाव मानलेला असतो. गावांचंही तसंच : ठाणे ‘टाना’, खडकी ‘किरकी’, कराची ‘कुराची’.

माणसाने पुढे नाव बदललं असेल तर दीक्षेच्या वेळचं नाव धरा. स्वामी विवेकानंद नोंदीत नरेंद्रनाथ दत्त या नावानेच आहेत. कलकत्त्याच्या ‘अँकर अँड होप’ लॉजमध्ये १९ फेब्रुवारी १८८४ रोजी दीक्षा, १५ एप्रिलला दुसरी पायरी, २० मेला तिसरी. तीन महिन्यांत मास्टर मेसन झाले, पण लॉजचे मास्टर कधीच नव्हते. दोन ‘मास्टर’मधलं अंतर दाखवायला याहून चांगलं उदाहरण नाही.

दप्तरं कोणत्या क्रमाने उघडावीत

इंग्लिश लॉज असेल तर १७५१ ते १९२१ या काळातल्या सभासद-नोंदवह्या अँसेस्ट्री या संकेतस्थळावर आहेत. त्यांत नाव, वय, धंदा, राहण्याचं ठिकाण, पायऱ्यांच्या तारखा आणि वर्गणीच्या नोंदी मिळतात. पदाचा रकाना त्यात नसतो. त्यामुळे या वहीतून सभासदत्व सिद्ध होतं, मास्टरपद नाही. वर्गणी कोणत्या वर्षी थांबली ते मात्र नक्की टिपा. बदली, निवृत्ती किंवा मृत्यू बहुधा तिथेच असतो.

मास्टरपदासाठी पुढची जागा म्हणजे मेसॉनिक नियतकालिकं. ‘द फ्रीमेसन’, ‘फ्रीमेसन्स क्रॉनिकल’ वगैरेंचे एकोणिसाव्या शतकातले अंक ऑनलाइन फुकट शोधता येतात, आणि त्यांत हिंदुस्थानातल्या इन्स्टॉलेशनचे वृत्तान्त येत : मास्टर कोण, कोणाला कोणतं पद दिलं, नावानिशी. छापील अक्षर यंत्राने वाचलेलं असल्याने नावापेक्षा लॉजच्या नावाने शोधलं तर जास्त सापडतं. इकडची वर्तमानपत्रं आणि मुंबईच्या जुन्या वार्षिक डिरेक्टरीही पाहाव्यात. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात हे जुने खंड शोधण्यापासून सुरुवात करता येते.

स्कॉटिश लॉज असेल तर एडिंबराच्या ग्रँड लॉजकडे लिहावं लागतं. इंग्लिश बाबतीत लंडनचं म्युझियम ऑफ फ्रीमेसनरी विचारपूस घेतं. १९६१ नंतरचा माणूस असेल तर दिल्लीतल्या ग्रँड लॉज ऑफ इंडियाकडे किंवा मुंबईच्या फोर्टातल्या फ्रीमेसन्स हॉलमधल्या तिच्या पश्चिम विभागाकडे. पत्रात सहा गोष्टी द्या : नावाची सगळी रूपं, जन्म-मृत्यूची अंदाजे वर्षं, धंदा, गावं, लॉजचं नाव आणि क्रमांक, वस्तूंचे फोटो. ‘आमचे पणजोबा मोठे मेसन होते, माहिती पाठवा’, एवढ्यावर कुणाला काही शोधता येत नाही.

ब्रिटनमधल्या काउंटी दप्तरांत १७९९ च्या कायद्याखाली लॉजांनी दिलेल्या सभासदांच्या वार्षिक याद्या मिळतात. त्या हिंदुस्थानच्या लॉजांना लागू नव्हत्या, तिथे वेळ घालवू नका.

सगळ्यात कसदार कागद म्हणजे लॉजचं स्वतःचं कार्यवृत्त. लॉज चालू असेल तर सेक्रेटरीला विनंती करा. वही ही लॉजची मालमत्ता आहे, दाखवणं त्यांच्या खुशीवर. ठरावीक वर्षं सांगितली तर बहुधा नकार मिळत नाही. तीन सभा मागा : दीक्षेची, इन्स्टॉलेशनची आणि मृत्यूनंतरच्या दुखवट्याची. दीक्षेच्या नोंदीत प्रस्तावक आणि अनुमोदक असतात, म्हणजे त्या काळचे त्याचे मित्र. इन्स्टॉलेशनच्या नोंदीत त्याने नेमलेल्या अधिकाऱ्यांची पूर्ण यादी. दुखवट्याच्या ठरावात तर कधीकधी अख्खी कारकीर्द दोन परिच्छेदांत मिळते. मात्र दुखवट्यात माणूस मोठा करून सांगतात, म्हणून त्यातली वर्षं आधीच्या नोंदींशी ताडून पाहा. विधींचे शब्द कार्यवृत्तात लिहीत नाहीत, ते शोधायला गेलात तर हात रिकामे राहतील. हजेरीची वही वेगळी असते. स्वतःच्या हाताची सही तिथे सापडते, आणि ती सर्टिफिकेटच्या कडेला केलेल्या सहीशी जुळवता येते. एकाच नावाचे दोघे असतील तर त्यांना वेगळं करायचा हा सर्वांत खात्रीचा मार्ग.

वर्षांचा तक्ता

हाती आलेलं सगळं एका तक्त्यात घाला. डावीकडे वर्ष, मग लॉज आणि त्या वेळचा क्रमांक, मग पद, मग पुरावा, शेवटी नोकरी-घर-बदली. पुराव्याच्या रकान्यात ‘कोरीव मजकूर’, ‘कार्यवृत्त’, ‘फोटोवरून अंदाज’, ‘घरची आठवण’ असं स्पष्ट लिहा. खरी कारकीर्द दिसते ती शेवटचा रकाना भरल्यावर. सीनियर डीकन झाल्यावर दोन वर्षं नोंद नाही, त्याच वर्षी रेल्वेत बदली महूला, आणि महूच्या लॉजमध्ये त्याच नावाचा ‘जॉइनिंग मेंबर’, म्हणजे दुसऱ्या लॉजमधून आलेला सभासद, असे दुवे तिथे जुळतात. शिडी तुटलेली दिसली की आधी बदलीचा रकाना पाहा. लॉज सोडताना मागे बाकी नाही असा दाखला घेऊन नव्या लॉजमध्ये जात, तो कागद पेटीत असेल तर दोन शहरांतला तोच माणूस आहे हे सिद्ध होतं.

मास्टरपदाचं वर्ष दोन स्वतंत्र पुराव्यांनी पक्कं झालं, एक वस्तूवरून आणि एक कागदावरून, की तक्त्याची प्रत आणि फोटो त्या लॉजकडे, लॉज बंद झाला असेल तर त्याच्या ग्रँड लॉजच्या संग्रहाकडे पाठवा. पुष्कळ लॉजांच्या स्वतःच्या वह्या पावसात आणि वाळवीत गेल्या आहेत, तुमच्याकडचा फोटो कदाचित त्यांच्या त्या वर्षाचा एकमेव पुरावा असेल. मूळ वस्तूंच्या डब्यात टिकाऊ शाईने लिहिलेली एक चिठ्ठी ठेवा : कोणाचं, कोणता लॉज, कोणतं वर्ष.